मागच्या खेपेला

ठेच लागली ती एकट्या वल्लरीला. बाकीचे चौघे तिच्या पुढे होते. माजघर संपून मागच्या पडवीकडे जाणारा बोळ सुरू होतो तिथे एक उंबरा होता, चांगला नडगीला लागेल एवढा उंच, जुन्या सागाचा, आणि तो ओलांडला की पलीकडची जमीन एकदम वीतभर खाली. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे डोळ्यांपुढे नुसता काळोख होता. निनाद मोबाइलमध्ये बघत चालला होता, त्याने न बघताच पाय उचलला. त्याची बायको हेतल मान मागे वळवून काहीतरी सांगत होती, तिनेही उचलला. कादंबरीच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. स्वानंद सगळ्यांत पुढे, खांद्यावर दोघांच्या बॅगा घेऊन, जिना चढावा तसा सहज तो उंबरा चढला आणि उतरला. आणि वल्लरीचा अंगठा लाकडावर आदळला, ती पुढे झेपावली, जमीन जिथे असायला हवी होती तिथे नव्हती, आणि भिंत धरून ती कशीबशी सावरली.

“अगं सांभाळ, तो उंबरा—” हेतल म्हणाली आणि थांबली.

मग एकदम सगळेच बोलायला लागले. बर्फ आहे का बघा, नख गेलं का, जुन्या घरांचं हे असंच, चपला काढायलाच नको होत्या. स्वानंदने तिला हाताला धरून आतल्या खोलीत पलंगावर बसवलं आणि तळ्याकडची खिडकी उघडली. खिट्टी आधी वर उचलायची, मग दार आपल्याकडे ओढून बाहेर ढकलायचं, अशी ती खिडकी होती. त्याने ती एका दमात उघडली. तळ्यावरचा वारा आत आला. “बघ, काय सुंदर आहे,” तो म्हणाला, आणि बर्फ आणायला गेला.

नव्या घरात शिरलेला माणूस ‘अगं, उंबरा आहे’ असं म्हणतो. ‘पायरी आहे, बघ’ म्हणतो. ‘तो’ म्हणतात ते ओळखीच्या वस्तूला. वल्लरी अंगठ्याला बर्फ लावून बसली होती तरी तो एवढासा ‘तो’ तिच्या डोक्यातून जाईना. आपण फार बारीक बघतो असं तिला सगळे म्हणत. विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासण्यात उमर गेली की माणूस बोलण्यातली सांध शोधायला लागतो, असं स्वानंद हसून सांगायचा. तिने स्वतःला समजावलं. पण पाय कसे समजवायचे? तोंड खोटं बोलू शकतं, डोळेही बोलतात थोडंफार, पण पायांना खोटं बोलता येत नाही. चार माणसांचे आठ पाय काळोखात नेमके तिथेच उचलले गेले होते.

हे घर शोधलं कादंबरीने. ती इथून जवळ, करंजाड्यालाच राहते. वल्लरी-स्वानंद मुलुंडचे, निनाद-हेतल पुण्याचे, मग मधे पनवेल, असा तिचा हिशेब. वल्लरीला पहिल्यांदा हसूच आलं होतं. पनवेलला कोण सुट्टीला येतं? पनवेल म्हणजे पुढे जाताना लागणारं गाव. पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटला की मग कुठे सुट्टी सुरू झाल्यासारखी वाटायची. पण कादंबरीने फोटो पाठवले. जुन्या गावातलं, तळ्याच्या अंगाचं, कुणा तांदळाच्या व्यापाऱ्याचं शंभर वर्षांपूर्वीचं घर, आणि आता ते सगळं नीट करून पाहुण्यांना भाड्याने देतात, अख्खं घर आपलं, चल ना वलू. शाळेपासूनची मैत्रीण, ‘वलू’ म्हणणारी आता ती एकटीच उरलेली. वल्लरी हो म्हणाली होती. दोन वर्षांनी कशाला तरी हो म्हणाली होती.

चावी द्यायला आलेला मालक प्रितम, गळ्यात जाड साखळी घातलेला तिशी-पस्तिशीचा माणूस, बोलायला मोकळा होता. कोन गावातली घरची जमीन रस्त्यात गेली, पैसा आला, बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, मी घर घेतलं, म्हणाला. खांबांना नवं पॉलिश होतं, फरशा जुन्या नक्षीच्या, एसीचे डबे लाकडी जाळीमागे लपवलेले, आणि माजघराच्या भिंतीवर पगडीवाल्या पुरुषांचे, नथ घातलेल्या बायकांचे पिवळे पडलेले फोटो. “हे त्या व्यापाऱ्याचे घरचे का?” वल्लरीने विचारलं होतं. “छे हो मॅडम, त्यांचे ते घेऊन गेले. हे मी मुंबईहून आणले, जुन्या बाजारातून. गेस्टला आवडतात,” प्रितम म्हणाला. मग त्याची आई जेवणाचं बघते पण ती आज कोनला हळदीला गेली आहे, उद्या सकाळी येईल, आजच्या दिवस डबा मागवा, असंही त्याने सांगितलं, आणि ते ऐकून चौघांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. तेव्हा तिला ती निराशा वाटली. आता अंगठा ठणकत असताना वाटलं, ती निराशा नव्हती. सुटका होती.

तळ्याभोवती चक्कर मारायला चौघं गेली, ती पाय दुखतो म्हणून मागे राहिली. खिडकीतून तिला ती दिसत होती. स्वानंद आणि कादंबरी मागे पडून बोलत चालले होते. कादंबरी हात हलवत काही सांगत होती, स्वानंद मान खाली घालून नाही म्हणत होता. मग वल्लरीच्या मनात तो विचार आला जो अशा वेळी कुणाच्याही मनात येईल. तिने तो येऊ दिला. नवरा आणि मैत्रीण. हे घर. ही खिडकी, हा पलंग. तिला वाटलं होतं की आता छातीत कळ येईल, पण तसं काही झालं नाही. उलट एक प्रकारचं सोपं वाटलं. याला वाट ठरलेली असते. भांडण, रडणं, वकील. पण मग निनाद? मग हेतल? ते चोरून भेटले असते तर या दोघांच्या पायांना उंबरा कसा माहीत? संशय तिथे अडकून पडला आणि तिला त्या अडकण्याचीच जास्त भीती वाटली. कारण याचा अर्थ असा होता की जे काही होतं ते सगळ्यांचं मिळून होतं, आणि फक्त ती त्याच्या बाहेर होती.

बाहेर असणं तिला तसं नवीन नव्हतं. निकेश गेल्यापासून ती बाहेरच होती. निकेश तिचा धाकटा भाऊ. बंगळुरात, एका साध्या सकाळी, ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि पुन्हा उठला नाही. कादंबरी सोडली तर ही सगळी माणसं खरं तर त्यानेच जोडलेली. निनाद त्याचा होस्टेलमधला खोलीसोबती, स्वानंद त्या दोघांचा सीनियर, आणि दिवाळीच्या सुट्टीत निकेशने त्याला घरी जेवायला आणलं नसतं तर वल्लरीचं लग्न दुसऱ्याच कुणाशी झालं असतं. कादंबरीकडून तर तो राखी बांधून घ्यायला नकार द्यायचा, मला एक ताई पुरे आहे, तीच जड जाते, म्हणायचा. त्याच्या तेराव्याला सगळे होते. आणि त्यानंतर, हळूहळू, त्याचं नाव कुणी घेईनासं झालं. फोन यायचे. ‘कशी आहेस’ विचारताना प्रत्येकाचा आवाज एक पट्टी खाली उतरायचा. ती कधी म्हणाली, निकेशला हे आवडायचं, की पलीकडून कुणीतरी हवापाण्याचं काढायचं. त्याच्या वाढदिवसाला तिने दिवसभर फोन हातात धरून काढला. कुणाचा आला नाही. तेव्हा तिने सगळ्यांना माफ केलं होतं. माणसं विसरतात. तिने स्वतःची समजूत अशी घातली की त्याला लक्षात ठेवणारी आता आपण एकटीच, आणि या एकटेपणाचा तिला पुढे पुढे एक चमत्कारिक अभिमानही वाटायला लागला. देवघरातला नंदादीप आपण सांभाळतो आहोत, घरातले बाकीचे झोपले आहेत, असा काहीतरी.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी उठली. स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. प्रितमची आई आली होती. अंगावर साधं लुगडं, पण हातात सोन्याच्या पाटल्या कोपरापर्यंत, आणि त्या किणकिणवत ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाजूला परातीत भला मोठा जिताडा मासा हळद लावून ठेवला होता.

“या, बसा. चाय देव?” ती म्हणाली. “मी रंभा. प्रितमची आय. तुमी या खेपेला नवीन दिसता. बाकीचं सगलं मानूस वलखीचा हाय, गाडी बगून मना समजला.”

वल्लरी पाटावर बसली. तिने स्वतःचा आवाज ऐकला, तो अगदी साधा होता. “हो, मी पहिल्यांदाच आले. मागच्या खेपेला कधी आले होते सगळे?”

“मागच्या वर्सी. शिमग्याच्या आदी. दोन दिस व्हते. तवा प्रितम नव्हता, चावी मीच दिली.” रंभाने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि एकदम हसायला लागली. “बाय, मी तुमाला काय सांगू, कवरी हसली ती मानसं! हितं गेस्ट येतात, दारू पितात, गानी लावतात, पन असं हसनारी मानसं मी नाय बगली. त्यांचा एक दोस्त हाय ना, निकेश. त्याचं एकेक किस्सं. मी बी भाकऱ्या टाकून हितंच बसली ऐकाला.”

तवा चरचरत होता. वल्लरीने चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

“त्यो एकदा पोरगी बगाला गेला,” रंभा सांगू लागली. “ह्यो तुमचा चष्मेवाला संगं व्हता. बिल्डिंगमधी गेलं, बेल मारली. म्हतारा-म्हतारीनी दार उगडला. या बसा, पोहं घ्या. पोरगी काय दिसंना. म्हतारा इचारतो, घरात मानसं किती? ह्यो बोलतो, बाबा नाय, आई नि मी, ताई सासरी. म्हतारा बोलतो, मच्छी-मटन करता काय? ह्यो बोलतो, फक्त आयतवारी, पन बंद करू सकतो. रातचं येता कवा? दहाच्या आत येतो बोलला. म्हतारा खूस! बोलला, मानूस चांगला दिसतो, माझ्याकरनं पक्का. पन करार अकरा महिन्यांचाच करनार.” रंभाला पुढे बोलवेना, तिने पदर तोंडाला लावला. “तं ह्यो... ह्यो इचारतो, फकस्त अकराच महिनं? आनि मंग काय, पोरगी परत घेनार? अवं, त्ये भाड्याच्या घराचं म्हतारं! पोरगी वरच्या माल्यावर वाट बगत बसलेली!”

आणि वल्लरी हसली. तिला कळायच्या आत हसू फुटलं, पोटातून, चहा हिंदकळून साडीवर सांडला तरी थांबेना. तिला तो दिसला. इस्त्रीचा आकाशी शर्ट, जो तिनेच निवडला होता, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला, पोह्यांची बशी चाटूनपुसून साफ केलेली, आणि गंभीर चेहऱ्याने विचारतो आहे, फक्त अकरा महिने? दोन वर्षांत पहिल्यांदा तिला त्याचा चेहरा असा दिसला, नाकात कापूस नसलेला. रंभा हसत होती आणि ती हसत होती, दोघी एकमेकींकडे बघून पुन्हा हसत होत्या. मग हसू हळूहळू ओसरलं आणि त्याच्या तळाशी जे होतं ते वर आलं.

ते स्थळ तिने आणलं होतं. तो रविवार तिला लख्ख आठवत होता. दुपारी निकेश घरी आला, आईने विचारलं काय झालं, तर बूट काढत म्हणाला, “जमलं नाही.” एवढंच. ती त्याच्यावर चिडली होती, प्रत्येक मुलीत खोट काढतोस म्हणाली होती, आणि तो आत निघून गेला होता. म्हणजे वरच्या मजल्यावर तो गेलाच नाही. हसत हसत खाली उतरला असेल, निनादच्या गळ्यात पडून फुटपाथवर हसला असेल, आणि घराच्या दाराशी येताना तोंड पुसून ताईसाठी दुसरा चेहरा लावला असेल. म्हणजे तेव्हाही. तिचा जो निकेश होता, ज्याचा दिवा ती एकटी सांभाळून बसली होती, तो तर अर्धाच होता, आणि उरलेला या चौघांनी इथे येऊन वाटून घेतला होता. शिमग्याच्या आधी म्हणजे वर्षश्राद्धानंतरचा शनिवार. तिने आदल्या दिवशी खीर केली होती, भटजींना दक्षिणा दिली होती, आईला तिच्या खोलीत नेऊन झोपवलं होतं. आणि शनिवारी सकाळी स्वानंद पुण्याला ऑडिटला जातो म्हणून निघाला. परत आला तेव्हा त्याचा घसा बसला होता. तिने विचारलं, कशाने? तो म्हणाला, हॉटेलचा एसी. तिने त्याला मिठाच्या गुळण्या करायला लावल्या होत्या. रात्री पाठीला बाम चोळला होता. हसून हसून बसलेल्या घशासाठी तिने हळदीचं दूध केलं होतं.

“मी बोलली त्याना,” रंभा भाकरी उलटत म्हणाली, “अवं, या पोराला एकदा आना हिकडं. मी त्याला जिताडा खाया घालते. तं सगले एकदम गप. मंग त्यो उंच भाव बोलला, आनू, पुडच्या खेपेला आनू.” तिने वर पाहिलं. “आनला काय या खेपेला?”

उंच भाऊ म्हणजे स्वानंद. वल्लरीने कप खाली ठेवला. “नाही,” ती म्हणाली. “त्याला जमलं नाही.”

दारात स्वानंद उभा होता. झोपेतून उठून आलेला, केस विस्कटलेले, आणि रंभाला बघून जागच्या जागी थिजलेला. “आलं काय भाव!” रंभा आनंदाने म्हणाली. “तुमच्या दोस्ताला या खेपेला बी जमला नाय, ही बाय बोलली. या, चाय घ्या.” स्वानंदने वल्लरीकडे बघितलं. ती उठली आणि त्याच्या बाजूने, उंबऱ्यावरून पाय नीट उचलून, बाहेर गेली. मागून तो आला, “वल्लरी, ऐक ना, एक मिनिट,” म्हणत. तिने न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी ती तशीच उभी राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी ते म्हाताऱ्याचं वाक्य पुन्हा आठवलं आणि ओठ आपोआप हलले, आणि त्याची तिला इतकी चीड आली की तिने भिंतीच्या त्या सुंदर जुन्या फरशीवर तळहात आपटला. एवढंही त्यांनी तिच्यासाठी नीट ठेवलं नव्हतं. हसू आलं तर त्यांचं, उष्टं, मागच्या वर्षीचं.

दुपारी सगळे जेवायला बसले ते जुन्या दाराच्या फळीपासून केलेल्या टेबलाभोवती. कड्या-कोयंडे तसेच ठेवून वर काच टाकलेली. रंभा वाढून पडवीत पान खायला गेली होती. बाकीच्यांना स्वानंदने सांगितलं असणार. हेतलचे डोळे लाल होते. जिताड्याचं कालवण सगळे नुसतं चिवडत होते. एकटी वल्लरी जेवत होती. काटे काढून बशीच्या कडेला ओळीत लावत होती.

“निकेश त्या घरी पोहे खाऊन आला, हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

निनादने चष्मा काढला. “वल्लरी, आम्ही तुला सांगणारच होतो.”

“कधी?”

“यासाठीच तर तुला इथे आणलं,” हेतल म्हणाली. “कादंबरीची आयडिया होती. त्याच घरात, सगळ्यांनी मिळून, शांतपणे... काल सांगायचं ठरलं होतं. पण तुला ठेच लागली, आणि मग स्वानंद म्हणाला आज नको.”

“तुला त्रास होईल म्हणून,” स्वानंद ताटाकडे बघत म्हणाला. “तेव्हाही. आत्ताही. बाकी काही नव्हतं, वल्लरी. तुझी शपथ, बाकी काहीसुद्धा नव्हतं.”

“बाकी काही असतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि ते त्याला कळलं नाही हेही तिला दिसलं.

मग कादंबरीने हात पुसले. “त्रास तुला नव्हता होणार,” ती म्हणाली. “आम्हाला होत होता. एवढं झाल्यावर खरं तरी बोलूया. वलू, तुझ्यासमोर त्याचं नाव घ्यायची भीती वाटायची. नाव घेतलं की तू त्या सकाळवर जायचीस, त्या बुटावर, त्या नाडीवर. प्रत्येक वेळी. तुझ्यासमोर तो फक्त मेलेला असतो गं. आम्हाला एकदा तो जिवंत हवा होता. दोन दिवस. एवढंच.”

“आणि मला?” वल्लरीने विचारलं. “मला नको होता?”

बाहेर पडवीत रंभा कुणाशी तरी फोनवर मोठ्याने बोलत होती, हळदीला किती माणूस होतं ते सांगत होती. वल्लरीने एकेकाकडे पाहिलं. ही माणसं दुष्ट असती तर किती सोपं होतं. यांनी तिला आजारपणात डबे आणून दिले होते, आईला रात्री दवाखान्यात नेलं होतं, निकेशचं शव विमानाने आणायला बंगळूरला निनाद आणि स्वानंदच गेले होते. हे सगळं तिला मान्य होतं. आणि याच माणसांनी एकत्र बसून ठरवलं होतं की तिच्या भावाला भेटायला जाताना तिला न्यायचं नाही. कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं असेल, वल्लरीचं काय? आणि कुणीतरी म्हणालं असेल, तिला नको. कोण म्हणालं असेल ते तिला विचारायचं नव्हतं. तिला वाटत होतं की ते तिला माहीत आहे, आणि तो आत्ता कालवणाची वाटी नुसती फिरवत होता.

“अजून खूप आहेत गं त्याचे किस्से,” निनाद म्हणाला. त्याचा आवाज चांगुलपणाने भरलेला होता. “मी सांगतो ना. होस्टेलला एकदा त्याने काय केलं... आमचे रेक्टर होते ना, त्यांची स्कूटर...” पण त्याचा आवाज बसका, हळू, शोकसभेत बोलतात तसा निघत होता, आणि ते त्यालाच ऐकू आलं. स्कूटरचं पुढे काय झालं ते त्याला सांगता येईना. “म्हणजे तेव्हा फार मजा आली होती,” तो म्हणाला आणि त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“वल्लरी, तू सांग ना,” हेतल एकदम पुढे झुकली. तिने वल्लरीच्या मनगटावर हात ठेवला. “तू तर त्याला सगळ्यांत आधीपासून ओळखायचीस. त्याच्या लहानपणचं आम्हाला काहीच माहीत नाही. आज तू सांग. आपण सगळे मिळून हसू. प्लीज.”

चौघेही तिच्याकडे बघत होते. भुकेल्यासारखे बघत होते, आणि ती भूक खरी होती. आणि वल्लरीला एक गोष्ट आठवली. ती बारावीला नापास झाली होती. सगळ्या नात्यात कुणी नापास झालं नव्हतं. तिने बोलणं टाकलं होतं, सकाळी न्हाणीघरात शिरली की तासन्‌तास बाहेर यायची नाही, आणि बाबा दार ठोठावून थकून कामाला निघून जायचे. तेव्हा निकेश असेल आठवी-नववीत. शाळेचा गणवेश घालून तो न्हाणीघराच्या दाराशी पाट टाकून बसायचा आणि पेपर उघडून आकाशवाणीच्या निवेदकासारख्या आवाजात हरवलेल्या माणसांच्या जाहिराती वाचायचा. “रंग गहूवर्ण, बांधा सडपातळ, अंगात फुलाफुलांचा झगा, उजव्या हातात प्लास्टिकचा तांब्या. सदर मुलगी घरातून रागावून न्हाणीघरात निघून गेली आहे. कुणास आढळल्यास कळवावे, येण्याजाण्याचा खर्च देण्यात येईल. वल्लरी, तू असशील तिथून निघून ये. आई आजारी आहे. बाबांनी जेवण सोडलं आहे, फक्त चहा-बिस्किटं घेतात. तुला कुणीही रागावणार नाही.” रोज नवी जाहिरात. रोज तो तिच्या अंगावर नवा झगा चढवायचा. आणि एके दिवशी आतून तिला हसू फुटलं, तोंडावर टॉवेल दाबला तरी फुटलं, आणि बाहेर तो त्याच गंभीर आवाजात म्हणाला, “आनंदाची बातमी. सदर मुलगी सापडली आहे.” हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, स्वानंदला नाही. आत्ता सांगितलं असतं तर हे टेबल हसलं असतं, निनादने मांडीवर थाप मारली असती, कादंबरी हसता हसता रडली असती, आणि पुढच्या वर्षी कुठल्यातरी सुंदर जुन्या घरात ती गोष्ट त्यांच्यापैकी कुणीतरी आणखी रंगवून सांगितली असती.

हेतलचा हात अजून तिच्या मनगटावर होता. वल्लरीने तो हळूच उचलून टेबलावर ठेवला.

“मला काही आठवत नाही,” ती म्हणाली.

तिला सगळं आठवतं हे त्या टेबलावर एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. स्वानंदने मान वर केली, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणाऐवजी भीती दिसली, आता बाहेर आपण राहिलो याची.